बकरीच्या कातड्यावरचा रोखा आणि लाल मिरचीचं कर्ज

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या दुर्मिळ ग्रंथसंग्रहात बकरीच्या कातड्यावर लिहिलेला एक रोखा आहे. तारीख १५ मे १६४८. शिवाजी महाराज तेव्हा अठरा वर्षांचे होते. नेदरलँड्समधल्या लेक नदीचा बांध सांभाळणाऱ्या पाणीमंडळाला कामासाठी पैसे हवे होते, म्हणून त्यांनी हा १००० गिल्डरचा रोखा काढला. मुदत कायमची. मुद्दल परत करायचंच नाही, व्याज मात्र देत राहायचं. येलनं २००३ साली तो सुमारे २४,००० युरोंना विकत घेतला. २०१५ साली तिथले एक ग्रंथपाल रोख्याला पुढे जोडलेली कागदी पुरवणी घेऊन नेदरलँड्सला गेले आणि बारा वर्षांचं थकलेलं व्याज वसूल करून आले: १३६ युरो २० सेंट. पाणीमंडळाचा नवा वारसदार आहे, बांध आहे आणि कर्जही अजून चालू आहे.

पैसा साठवायच्या, उसना द्यायच्या, पाठवायच्या आणि जोखीम वाटून घ्यायच्या नव्या युक्त्यांना अर्थशास्त्रात 'वित्तीय नवकल्पना' म्हणतात. शब्द जड आहे, पण त्यातली मंडळी आपल्या ओळखीची आहेत: हुंडी, भिशी, विमा, म्युच्युअल फंड, एटीएम, यूपीआय. या युक्त्यांचा माग काढणारे संशोधक गेल्या चाळीसेक वर्षांत कुठून कुठे पोचले, ही गोष्ट मला त्या युक्त्यांइतकीच रंजक वाटते. आधी ते विचारत होते, युक्ती कुणी काढली आणि त्यात त्याला काय मिळालं? आता विचारतात, ती ज्याच्या दारात पोचली त्याचं काय झालं? हा बदल मला मनापासून आवडतो, आणि पुढची सगळी माहिती त्याच ओढीनं गोळा केली आहे.

बोलणारे खूप, मोजणारे थोडे

२००४ साली स्कॉट फ्रेम आणि लॉरेन्स व्हाइट या दोन अर्थतज्ज्ञांनी एक साधी मोजणी केली. नवकल्पनांवर मतं सगळेच देतात, पण आकडेवारी घेऊन प्रत्यक्ष तपासणी किती जणांनी केली आहे? सगळं धुंडाळूनही असे अभ्यास चाळीससुद्धा भरले नाहीत. म्हणून त्यांनी लेखाच्या शीर्षकातच शंका विचारली की नुसतं बोलणंच फार आणि काम थोडं, असं तर नाही ना. औषधं किंवा यंत्रं यांच्या संशोधनावर ग्रंथालयं भरलेली असताना, आपल्या खिशाला रोज हात घालणाऱ्या गोष्टीवर इतका कमी अभ्यास!

याचं कारण समजण्यासारखं आहे. औषध कंपनीकडे प्रयोगशाळा असते, संशोधनाचा वेगळा खर्च ताळेबंदात दिसतो, पेटंट असतं. बँकेत नवी योजना एखाद्या बैठकीत सुचते आणि पंधरा दिवसांत शेजारची बँक तशीच आणते. मग मोजायचं काय?

हार्वर्डच्या पीटर टुफानो यांनी १९८९ साली यातून वाट काढली. १९७४ ते १९८६ या काळात गुंतवणूक बँकांनी आणलेल्या ५८ नव्या प्रकारच्या रोख्यांची त्यांनी कुंडली मांडली. नवा रोखा पहिल्यांदा आणणारी बँक सुरुवातीला चढा दर लावून मलई खात असेल, असा सर्वसाधारण समज. तसं काही दिसलं नाही. फायदा झाला तो गिऱ्हाइकीत: नक्कल होऊनही जास्त धंदा पहिल्याकडेच राहिला. नाक्यावरच्या वडापावच्या गाडीचंही असंच असतं. चटणीची कृती शेजारचा महिन्याभरात उचलतो, पण रांग जुन्याच गाडीपुढे लागते.

नियम आला की पळवाट आली

नवकल्पना सुचतात कशा? शिकागोचे मर्टन मिलर यांनी १९८६ साली दिलेलं उत्तर अनेकांना बोचलं. त्यांच्या मते मागच्या वीस वर्षांतल्या यशस्वी कल्पनांना सर्वात मोठी चालना दिली ती करांनी आणि सरकारी नियमांनी. मिलर यांना पुढे १९९० साली नोबेल मिळालं.

उदाहरणं घ्या. अमेरिकेत बँकांनी ठेवींवर किती व्याज द्यायचं यावर सरकारी मर्यादा होती. महागाई त्या मर्यादेच्या वर गेली. १९७१ साली पहिला 'मनी मार्केट फंड' निघाला: बँक नाही, म्हणून मर्यादा नाही, आणि पैसे हवे तेव्हा काढता येतात. याच पहिल्या फंडाच्या घराण्यातल्या एका मोठ्या फंडाच्या युनिटचं मोल सप्टेंबर २००८ मध्ये, लेहमन ब्रदर्स ही बँक बुडाल्यावर, एका डॉलरच्या खाली घसरलं आणि जगभर घबराट पसरली.

एडवर्ड केन या अर्थतज्ज्ञानं या शिवाशिवीला सिद्धान्ताचं रूप दिलं. नियम येतो, धंदा वाट काढतो, नियम बदलतो, धंदा पुन्हा वाट काढतो. आपल्या दलाल स्ट्रीटचा 'बदला' आठवा. सौदा आज करायचा, पैसे चुकते करणं पुढच्या खेपेला ढकलायचं आणि त्यासाठी व्याज मोजायचं, ही मुंबईच्या बाजाराची पिढ्यान्‌पिढ्यांची पद्धत. बाजाराची नियंत्रक संस्था सेबीनं १९९३ साली तिच्यावर बंदी घातली, १९९६ मध्ये ती सुधारलेल्या रूपात परतली आणि २००१ मध्ये कायमची गेली. तोवर तिची जागा घ्यायला निर्देशांकाचे वायदे येऊन बसले होते. केन यांचं सगळं वर्तुळ एका गल्लीत आठ वर्षांत पुरं झालं.

पेटंट मोजा, वर्तमानपत्र चाळा

१९९८ साली अमेरिकेच्या एका अपील न्यायालयानं म्युच्युअल फंडांचे पैसे एकत्र सांभाळण्याच्या एका संगणकी पद्धतीचं पेटंट वैध ठरवलं आणि पैशाच्या युक्त्यांवर पेटंट मागणाऱ्यांची रीघ लागली. संशोधकांना अचानक मोजायला काहीतरी मिळालं. जॉश लर्नर यांनी १९७१ ते २००० मधली अशी पेटंटं तपासली. विद्यापीठांत वर्षानुवर्षं छापून आलेल्या कामाचा उल्लेख त्यांत क्वचितच होता.

पण पेटंट न घेतलेल्या कल्पनांचं काय? मग लर्नर यांनी 'वॉल स्ट्रीट जर्नल'च्या १९९० ते २००२ मधल्या बातम्या चाळून नव्या योजनांची यादीच तयार केली. कल्पना मोठ्या बँकांच्या मजबूत तिजोऱ्यांतून येत असतील असं वाटतं, पण आपल्या आकाराच्या मानानं लहान कंपन्यांचा वाटा जास्त निघाला. पुढच्या पिढीला रद्दी चाळायची गरज उरली नाही. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मार्क चेन, चिनशी वू आणि बाओझोंग यांग यांनी संगणकाला शिकवून २००३ ते २०१७ मधल्या पेटंटांच्या ढिगातून वित्ततंत्रज्ञानाची तेवढी वेगळी काढली. बाजारानं त्यातल्या ब्लॉकचेनसारख्या कल्पनांना विशेष भाव दिलेला दिसला.

क्षेपणास्त्रांकडून शेअर बाजाराकडे

एडिनबराचे समाजशास्त्रज्ञ डोनाल्ड मॅकेन्झी आधी अण्वस्त्रवाहू क्षेपणास्त्रांच्या अचूकतेचा इतिहास लिहीत होते. तिथून ते वळले ते थेट 'ऑप्शन'च्या बाजाराकडे. ऑप्शन म्हणजे ठरलेल्या भावाला पुढे खरेदी किंवा विक्री करण्याचा हक्क. शिकागोत त्याचा पहिला रीतसर बाजार २६ एप्रिल १९७३ रोजी उघडला, तोही धान्याच्या वायदे बाजाराच्या जुन्या धूम्रपान कक्षात. पहिल्या दिवशी १६ शेअरांवर ९११ सौदे झाले.

या ऑप्शनचा रास्त भाव काढण्याचं फिशर ब्लॅक आणि मायरन शोल्स यांचं प्रसिद्ध सूत्र त्याच वर्षी छापून आलं. त्याआधी दोन नियतकालिकांनी तो लेख साभार परत केला होता. शेवटी मिलर आणि युजीन फामा यांनी रदबदली केल्यावर परत पाठवणाऱ्यांपैकी एकानं तो घेतला. पुढे ब्लॅक यांनी सूत्रावरून काढलेल्या भावांचे तक्तेच विकायला सुरुवात केली आणि दलाल ते घेऊन बाजारात उभे राहू लागले.

मॅकेन्झी यांना खुणावणारी गोष्ट वेगळीच होती. सुरुवातीला बाजारातले भाव सूत्राशी जुळत नव्हते. काही वर्षांत छान जुळायला लागले. कारण? सगळेच सूत्र पाहून भाव बोलत होते! सूत्र बाजाराचा नुसता फोटो काढत नव्हतं, बाजाराला हाकत होतं. मग ऑक्टोबर १९८७ मध्ये बाजार कोसळला, माणसं घाबरली आणि भाव सूत्रापासून पुन्हा दूर गेले. एका सूत्राची ही कहाणी समाजशास्त्रज्ञानं सांगितली, अर्थतज्ज्ञानं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मानववंशशास्त्रही मागे नाही. पत्रकार जिलियन टेट यांनी ताजिकिस्तानातल्या लग्नाच्या चालीरीतींवर पीएच.डी. केली आणि मग लंडनमध्ये कर्जांचे तुकडे करून विकणाऱ्या बँकर मंडळींकडे त्याच नजरेनं पाहिलं: यांची परिभाषा कोणती, यांच्या बैठकीत कुणी बोलायचं नसतं, कुठल्या विषयावर सगळे गप्प बसतात? २००८ च्या संकटाआधी धोक्याची घंटा वाजवणाऱ्या मोजक्या पत्रकारांत त्या होत्या.

शिलाँगचा मुलगा आणि नोटा देणारं यंत्र

संकटानंतर अभ्यासाचा सूर पालटला. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचे माजी प्रमुख पॉल व्होल्कर यांनी डिसेंबर २००९ मध्ये बँकर लोकांच्या भर सभेत सांगितलं की गेल्या वीस वर्षांत लोकांच्या खरोखर उपयोगी पडलेली नवकल्पना त्यांना एकच दिसते, एटीएम.

तर त्या एटीएमची गोष्ट. लंडनजवळच्या एनफिल्डमध्ये २७ जून १९६७ रोजी बार्कलेज बँकेच्या भिंतीत पहिलं यंत्र सुरू झालं. ते बनवणाऱ्या चमूचे प्रमुख जॉन शेफर्ड-बॅरन यांचा जन्म आपल्या शिलाँगचा, १९२५ चा. प्लास्टिकचं कार्ड तेव्हा नव्हतं. कार्बन-१४ या किरणोत्सारी पदार्थाचा अंश लावलेला खास चेक यंत्रात सरकवायचा आणि एका वेळी दहा पौंड घ्यायचे. गुप्त क्रमांक सहा आकडी असावा असं त्यांना वाटत होतं. त्यांनीच सांगितलंय की पत्नी कॅरोलाइन म्हणाल्या, मला चारच आकडे लक्षात राहतात. पीनच्या शोधाचं श्रेय मात्र वादाचं आहे. स्कॉटलंडच्या जेम्स गुडफेलो यांचं पेटंट १९६६ चं आहे. भारतात पहिलं एटीएम आलं मुंबईत, १९८७ साली.

आणि हा आकडा मला सर्वात जास्त हलवून गेला. न्यूयॉर्कचे थॉमस फिलिपॉन यांनी १८८० च्या दशकापासून पुढच्या सव्वाशे वर्षांचे अमेरिकेचे हिशेब काढले. बचत करणाऱ्याचा पैसा गरजवंतापर्यंत पोचवायला मधली यंत्रणा किती घेते? रकमेच्या दीड ते दोन टक्के. टेलिफोन आले, संगणक आले, शेकडो नव्या योजना आल्या, पण हा दर जवळजवळ जिथल्या तिथे. कापड स्वस्त झालं, प्रवास स्वस्त झाला, फोन तर कवडीमोल झाला. पैशाची हमाली तेवढी स्वस्त झाली नाही. २०१५ साली आलेल्या या लेखानं साऱ्या क्षेत्राला विचारात पाडलं.

जितकं अवघड, तितकं महाग

रघुराम राजन यांनी २००५ साली, बँकर आणि अर्थतज्ज्ञांच्या अमेरिकेतल्या जॅक्सन होल परिषदेत, या सगळ्या प्रगतीनं जग जास्त जोखमीचं तर झालं नाही ना, असा प्रश्न केला आणि टीका ओढवून घेतली. तीन वर्षांत उत्तर मिळालं. मग काळी बाजू तपासणाऱ्यांची फळी उभी राहिली.

२०११ साली ब्रायन हेंडरसन आणि नील पिअरसन यांनी सामान्य गुंतवणूकदारांना विकलेल्या एका लोकप्रिय योजनेचे ६४ अवतार घेतले आणि आतले भाग सुटे करून खरी किंमत काढली. विक्रीची किंमत सरासरी जवळजवळ ८ टक्क्यांनी जास्त निघाली. क्लेअर सेलेरिए आणि बोरिस व्हाले यांनी तर युरोपातल्या १७ देशांतल्या ५५,००० योजनांची माहितीपत्रकं संगणकाला वाचायला लावली आणि प्रत्येकीत किती अटी-शर्ती गुंफल्या आहेत ते मोजलं. जितका परतावा ठळक अक्षरांत मोठा, तितकी योजना गुंतागुंतीची. आणि जितकी गुंतागुंत जास्त, तितका बँकेचा नफा जास्त. बचतीचा पैसा घेऊन बसलेल्या प्रत्येक घरात हा निष्कर्ष मोठ्यानं वाचायला हवा.

आपल्याकडची मोजणी वांद्रे-कुर्ला संकुलातल्या सेबीनं केली. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत शेअरांच्या वायदे-ऑप्शनमध्ये उतरलेल्या एक कोटीहून अधिक वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले. सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख रुपये, एकूण तोटा १ लाख ८० हजार कोटींच्या वर. एक लाखाहून जास्त नफा मिळवणारे जेमतेम एक टक्का. वायदे करणाऱ्यांत तिशीच्या आतल्यांचा वाटा एका वर्षात ३१ वरून ४३ टक्क्यांवर गेला, हे वाचून मात्र जीव कळवळतो.

जाता जाता नावाची जादू. इंटरनेटच्या लाटेत कंपन्यांनी नावापुढे 'डॉट कॉम' लावलं की शेअरला काय होतं, हे मायकेल कूपर आणि सहकाऱ्यांनी २००१ साली छापलं: घोषणेच्या आसपासच्या दहा दिवसांत सरासरी ७४ टक्क्यांची जादा वाढ, मग कंपनीचा धंदा इंटरनेटचा असो वा नसो. डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या 'लाँग आयलंड आइस्ड टी' या थंड चहाच्या कंपनीनं 'लाँग ब्लॉकचेन' असं नाव घेतलं आणि शेअर एका दिवसात कितीतरी पट उसळला. पुढच्याच वर्षी नॅस्डॅक बाजारानं तिला यादीतून काढलं.

मिरचीचं शेत, बोटाचा ठसा

आता माझा सर्वात आवडता भाग. इथे संशोधक कार्यालयातून उठून बांधावर येतात.

आफ्रिकेतला मलावी देश. तिथले शेतकरी पॅप्रिका पिकवतात, म्हणजे आपल्या ब्याडगीसारखी, रंग जास्त आणि तिखट कमी अशी मिरची. राष्ट्रीय ओळखपत्र तेव्हा नव्हतं, त्यामुळे एकदा कर्ज बुडवून दुसऱ्या नावानं पुन्हा मागणं सोपं होतं. झेवियर जिने, जेसिका गोल्डबर्ग आणि डीन यांग यांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे काही गट निवडून त्यांच्या बोटांचे ठसे घेतले. फेडतील असं आधीच वाटत होतं त्यांच्यात काही फरक पडला नाही. पण ज्यांच्याकडून बुडण्याची भीती सर्वात जास्त, त्यांची परतफेड भरपूर सुधारली. कर्ज बेतानं मागितलं गेलं आणि मिरचीला जास्त जमीन मिळाली. ठशानं कुणावर फिर्याद केली नाही. 'पुढच्या हंगामाला मी कोण हे बँकेला कळणार' एवढंच पुरेसं झालं.

फिलिपिन्समध्ये एका बँकेनं असं खातं काढलं की ठरवलेली तारीख किंवा रक्कम येईपर्यंत स्वतःचेच पैसे काढता येणार नाहीत. वर कुलूपबंद गल्ला, किल्ली बँकेत. व्याज जास्त नाही, काहीच जास्त नाही. तरी देऊ केलेल्यांपैकी २८ टक्के लोकांनी ते घेतलं, आणि वर्षभरात देऊ केलेल्या सगळ्या गटाची शिल्लक इतरांपेक्षा सरासरी ८१ टक्के अंकांनी जास्त वाढली. दक्षिण आफ्रिकेत एका बँकेनं २००५ मध्ये बचतीला सोडतीची जोड दिली: मुद्दल सुरक्षित, दर महिन्याला एका खातेदाराला दहा लाख रँड. लोक तुटून पडले. इतर बचत आटेल ही भीतीही संशोधकांना खरी ठरलेली दिसली नाही. २००८ मध्ये न्यायालयानं ही लॉटरीच आहे म्हणून ती बंद केली.

केनियातल्या 'एम-पेसा' या मोबाइलवरच्या पैशांच्या सेवेचं नाव ऐकलंच असेल. स्वाहिली भाषेतला 'पेसा' म्हणजे हिंदी महासागर ओलांडून गेलेला आपला पैसाच. मूळ बेत होता मोबाइलवरून छोट्या कर्जांचे हप्ते भरण्याचा. चाचणीतच लोक गावी पैसे पाठवायला लागले आणि कंपनीनं शहाणपणानं तेच पुढे नेलं. २००७ मध्ये ही सेवा सुरू झाली. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक यांनी वर्षानुवर्षं त्याच घरांत पुन्हा पुन्हा जाऊन पाहिलं. आजारपण किंवा पीकबुडी आली की एम-पेसा न वापरणाऱ्यांचा घरखर्च सुमारे ७ टक्क्यांनी घटायचा, वापरणाऱ्यांचा घटत नसे, कारण लांबच्या नातलगाचे पैसे त्याच दिवशी पोचत. २०१६ मध्ये त्यांनी अंदाज मांडला की १ लाख ९४ हजार कुटुंबं यातून गरिबीबाहेर आली. या आकड्याला मिलफोर्ड बेटमन आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये कडक आव्हान दिलं. वाद चालू आहे, आणि तो आकड्यांवर चालू आहे हे चांगलंच आहे.

हैदराबादच्या १०४ वस्त्या घ्या. निम्म्या वस्त्यांत छोट्या कर्जांच्या शाखा आधी उघडल्या, निम्म्या थांबवल्या. अभिजित बॅनर्जी, एस्थर ड्युफ्लो आणि सहकाऱ्यांची ही पाहणी. छोट्या कर्जानं गरिबी हटते असा तेव्हा गजर होता. दिसलं ते असं: यंत्र, गाडी अशा टिकाऊ वस्तू घेतल्या गेल्या, पान-तंबाखू आणि बाहेरच्या चहावरचा खर्च घटला. पण मुलांचं शिक्षण, आरोग्य, बायकांच्या हातातला अधिकार यांत ठळक बदल नाही. २०१५ मध्ये बोस्निया, इथिओपिया, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को इथले अभ्यास सोबत छापून आले, सूर तोच. कर्ज हे अवजार आहे, चमत्कार नाही, हे सहा देशांनी एकदम सांगितलं.

आणि पावसाचा विमा. आंध्र आणि गुजरातमध्ये शेतकऱ्यांना असा विमा देऊ केला की जवळच्या पर्जन्यमापकावर ठरल्यापेक्षा कमी पाऊस नोंदला गेला की भरपाई आपोआप. पंचनामा नको, हेलपाटे नकोत. कागदावर इतका सुंदर, तरी घेणारे थोडेच. कारणं शोधली तर दोन फार बोलकी होती: विकणाऱ्यावर विश्वास नाही, आणि पेरणीच्या तोंडावर हप्त्यासाठी हातात रोकड नाही. ओळखीच्या, भरवशाच्या माणसानं शब्द टाकला की विक्री वाढे. मराठवाड्यातल्या कुठल्याही शेतकऱ्यानं ही दोन्ही कारणं एका वाक्यात सांगितली असती, पण आता ती धोरण आखणाऱ्यांच्या टेबलावर आकड्यांसह आहेत.

छोट्या अक्षरांतलं नाव

जर्मनीत फर्निचर विकणाऱ्या एका ऑनलाइन दुकानाच्या अडीच लाखांवर खरेद्या संशोधकांनी तपासल्या. माल आधी, पैसे नंतर. कोण बुडवेल? टोबियास बेर्ग, मंजू पुरी आणि सहकाऱ्यांनी ग्राहकाच्या फक्त डिजिटल पाऊलखुणा पाहिल्या. ईमेलच्या पत्त्यात स्वतःचं नाव असलेले बुडवण्याची शक्यता ३० टक्क्यांनी कमी. नाव-पत्ता सगळा छोट्या रोमन अक्षरांत टाइप करणारे बुडवण्याची शक्यता दुपटीहून जास्त. अशा दहाएक खुणांनी पतमापन संस्थेच्या गुणांइतकं काम केलं. ज्याच्याकडे पतपात्रतेचा कुठलाच कागद नाही अशा माणसाला यातून कर्जाचं दार उघडेल, हे खरं. पण घाईत शिफ्टची कळ न दाबल्यामुळे कुणाचं कर्ज नाकारलं जाणार असेल तर ते मला अजिबात मान्य नाही, आणि या प्रश्नावर आता नव्यानं संशोधन होतंय याचा दिलासा वाटतो.

भारत तर सध्या या अभ्यासाची मोठी प्रयोगशाळाच झालाय. ८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री चलनातल्या ८६ टक्के नोटा बाद झाल्या. गीता गोपीनाथ आणि सहकाऱ्यांनी कुठल्या जिल्ह्यात नव्या नोटा आधी पोचल्या ते पाहिलं आणि उपग्रहांनी टिपलेल्या रात्रीच्या उजेडाशी ते जुळवून आर्थिक नुकसान मोजलं. निकोला क्रूझे, अपूर्व गुप्ता आणि फिलिप्पो मेझानोट्टी यांनी त्याच टंचाईत दुकानदार मोबाइल वॉलेटकडे कसे वळले ते पाहिलं. रोकड काही महिन्यांत परतली, तरी नवे दुकानदार येतच राहिले. शेजारच्या दुकानात चालतं म्हटल्यावर गिऱ्हाईक आपल्याकडेही विचारतं, मग आपल्यालाही ठेवावंच लागतं. एप्रिल २०१६ मध्ये २१ बँकांसह चाचणीला सुरुवात झालेल्या यूपीआयवर ऑगस्ट २०२३ मध्ये एका महिन्यात हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले.

भिशी

अमेरिकन मानववंशशास्त्रज्ञ क्लिफर्ड गीर्ट्झ यांनी जावा बेटावर 'अरिसान' पाहिली. म्हणजे भिशीच. १९६२ साली त्यांनी लिहिलं की ही खेड्याच्या अर्थव्यवस्थेकडून बँकेकडे नेणारी मधली पायरी आहे. बँका आल्या की ती मागे पडेल, असा त्याचा अर्थ. दोनच वर्षांत शर्ली आर्डेनर यांनी जगभरच्या भिश्या गोळा करून यावर शंका घेतली.

१९९३ साली टिमोथी बेस्ली, स्टीफन कोट आणि ग्लेन लाउरी यांनी भिशीचं गणित मांडलं. ते आपण घरी करू शकतो. बारा जणी दरमहा हजार रुपये काढतात. एकटीनं साठवले तर बारा हजारांची वस्तू बाराव्या महिन्यात. भिशीत एकीला पहिल्या महिन्यात, एकीला दुसऱ्या, अशी सरासरी साडेसहा महिने. सर्वात शेवटी नंबर लागणारीही एकटीपेक्षा उशिरा नाही. एकाही रुपयाचं व्याज न देता अकरा जणींना वस्तू लवकर मिळाली! पुढे सिवान अँडरसन आणि जाँ-मारी बालाँ नैरोबीच्या किबेरा वस्तीत गेले आणि त्यांना आणखी एक कारण दिसलं: घरात राहिलेला पैसा नवऱ्याच्या हाताला लागतो, भिशीतला लागत नाही.

माझ्या आईच्या भिशीत सतरा जणी आहेत. पहिल्या रविवारी कुणाच्या तरी घरी जमतात, पोहे होतात, आणि स्टीलच्या डब्यातून चिठ्ठी काढायला सर्वात लहान मूल शोधलं जातं. गेल्या तीन वर्षांपासून हप्ते फोनवर येतात. ज्या दोघींकडे तसा फोन नाही, त्यांचे रोख पैसे आई मोजून घेते आणि वहीत त्यांच्या नावापुढे निळ्या पेनानं बरोबरची खूण करते. डबा आणि चिठ्ठ्या आहेत तशाच आहेत. परवा नंबर लागला तो त्या दोघींपैकी एकीचा, आणि बाकीच्या पंधरा जणींच्या फोनवरून जमलेले पैसे काढायला आई तिच्याबरोबर नाक्यावरच्या एटीएमपर्यंत चालत गेली.